बोलण्याआधीची मेहनत : नामदार गोपाळ कृष्ण गोखले



जानेवारी-फेब्रुवारी महिना आला की आपल्या शाळांमधून वक्तृत्व स्पर्धांची धांदल सुरू होते. विषय ठरतात, घरोघरी भाषणं लिहिली जातात, मुलं पाठ करतात. कोणाचा आवाज खणखणीत, कोण हातवारे छान करतो, कोण न अडखळता शेवटपर्यंत गेला, यावर आपण बक्षिसं देतो. चांगला वक्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान गाजवणारा माणूस येतो.

आज अशा एका वक्त्याची ओळख करून घेऊ, ज्याच्याकडे असं गाजवणारं काही नव्हतं. आवाज मध्यम, स्वभाव संकोची, बोलणं शांत. टाळ्यांसाठी वाक्य फेकणं त्याला जमत नव्हतं आणि रुचतही नव्हतं. तरी हा माणूस बोलायला उभा राहिला की हिंदुस्थानचं सरकार कागद-पेन्सिल घेऊन ऐकत असे. तो पेशाने शिक्षक होता आणि भाषण करणं ही कला तो कॉलेजच्या वयात, एकेक पायरी चढत शिकला होता. त्यांचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

बालपण आणि भावाचे आठ रुपये

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक या गावी झाला. हे गाव आज गुहागर तालुक्यात येतं. वडील कृष्णराव, आई सत्यभामाबाई. वडिलांची नोकरी कागल संस्थानात, त्यामुळे गोपाळचं लहानपण कागलला आणि पुढे कोल्हापूरला गेलं. घरची परिस्थिती बेताचीच. १८७९ मध्ये वडील वारले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता.

थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत सगळं घर चालायचं. गोपाळला याची पूर्ण जाणीव होती. तो हाताने स्वयंपाक करी, दिव्याचं तेल वाचवी आणि पैसा जपून वापरी. एका माणसाने शाळा सोडली म्हणून दुसरा शिकला, ही गोष्ट ते जन्मभर विसरले नाहीत. पुढे प्राथमिक शिक्षणासाठी ते जे झगडले, त्याचं मूळ या आठ रुपयांत शोधावंसं वाटतं.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. गणितं बरोबर आली म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली तेव्हा गोपाळ रडू लागला, कारण एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. ही गोष्ट आपण प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगतो. वक्तृत्वाच्या अंगाने पाहिली तर तिच्यात आणखी एक अर्थ सापडतो. जे आपलं नाही त्याचं कौतुक आपण घेऊ नये, हे त्या मुलाला कळत होतं. दुसऱ्याने लिहून दिलेलं भाषण म्हणून ढाल जिंकणाऱ्या मुलाला ही गोष्ट आपण सांगतो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार आपणच करायला हवा.

तीन कॉलेजं आणि पाठांतर

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला. आधी कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज अशी तीन कॉलेजं त्याने पाहिली. एल्फिन्स्टनमध्ये प्रिन्सिपॉल वर्ड्स्वर्थ यांच्यासारखे इंग्रजी वाङ्मयाचे नामांकित प्राध्यापक होते. शेवटच्या वर्षी त्याला महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १८८४ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, तो बी.ए. झाला.

आज कॉलेजांमध्ये संभाषण कौशल्य, सादरीकरण असे स्वतंत्र विषय असतात, त्यांना गुण असतात. आपल्या डी.एड. ला सुद्धा पाठ घेताना आवाज, उच्चार, फलकलेखन यांचं निरीक्षण होत असे. गोखल्यांच्या वेळी भाषणकलेची अशी वेगळी परीक्षा नव्हती. त्यांनी स्वतःच स्वतःचा अभ्यासक्रम आखला आणि त्याची पहिली पायरी होती पाठांतर.

त्यांची स्मरणशक्ती दांडगी होती. इंग्रजी गद्य-पद्यातले लांबच लांब उतारे ते तोंडपाठ करत. एडमंड बर्क या ब्रिटिश संसदपटूच्या लेखनातले मोठमोठे भाग त्यांना मुखोद्गत होते, असं चरित्रकार सांगतात. परकी भाषा, तीही कोल्हापूरकडच्या शाळेत शिकलेली. ती जिभेवर बसवायला त्यांनी हा मार्ग धरला. सहाध्यायी त्यांच्याकडे घोकंपट्टी करणारा म्हणून पाहत, पण त्या घोकण्यातून त्यांना वाक्य कसं बांधावं, कुठे थांबावं, मुद्दा कसा चढवत न्यावा, याचा कान आला.

आता इथे आपल्यासारख्या शिक्षकांची पंचाईत होते. ज्ञानरचनावाद शिकल्यापासून आपण पाठांतराला नावं ठेवतो, आणि दुसरीकडे २६ जानेवारीचं भाषण मात्र मुलांकडून पाठच करून घेतो. गोखल्यांचं उदाहरण या दोन्हींच्या मधलं आहे. त्यांनी पाठ केलं ते चांगल्या लेखकांचं गद्य, आणि ते स्वतःचं म्हणून कधी खपवलं नाही. भाषा जिभेवर रुळली की पाठांतराचं काम संपलं. बोलायचा मजकूर मात्र आपला आपण उभा करायचा. आपल्या मुलांनाही श्लोक, अभंग, चांगले उतारे जरूर पाठ करायला द्यावेत. भाषण पाठ करायला देणं ही निराळी गोष्ट आहे.

शिक्षकाचा वर्ग हीच पहिली सभा

बी.ए. झाल्यावर गोखल्यांनी कायद्याचे वर्ग सुरू केले, पण भावावरचं ओझं कमी करायचं म्हणून पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली. तिथे त्यांना टिळक-आगरकरांचा सहवास मिळाला. याच मंडळींच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज काढलं होतं. १८८६ मध्ये गोखले सोसायटीचे आजीव सभासद झाले. म्हणजे २० वर्षं, महिना साधारण ७५ रुपयांवर शिकवण्याचं व्रत. भाऊ-वहिनींना त्यांच्याकडून मोठ्या पगाराची आशा होती, त्यामुळे हा निर्णय त्यांना सोपा गेला नाही.

फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. ज्या विषयाला माणूस कमी पडे तो विषय गोखल्यांकडे येई. अंकगणिताचं एक पाठ्यपुस्तकही त्यांनी तयार केलं आणि ते पुढे कितीतरी वर्षं शाळांमधून चाललं. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत सगळे विषय शिकवणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल.

या सगळ्याचा वक्तृत्वाशी काय संबंध? खूप आहे. रोज चार-पाच तास, समोरच्याला कळेल अशा क्रमाने बोलणं, कठीण गोष्ट सोपी करून सांगणं, कोणाच्या कपाळावर आठी पडली ते पाहून वाक्य बदलणं, हा सराव शिक्षकाइतका दुसऱ्या कोणाला मिळतो? शिवाय सोसायटीचे चिटणीस म्हणून कॉलेजच्या इमारतीसाठी देणग्या मागायला ते दारोदार फिरले. अनोळखी माणसाच्या ओटीवर बसून आपलं म्हणणं थोडक्यात आणि पटेल असं मांडणं, हाही एक अभ्यासच होता.

१८८६ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापुरात इंग्रजी अमदानीतील हिंदुस्थान या विषयावर जाहीर भाषण केलं. भाषेवरची त्यांची पकड पाहून लोक खूष झाले. इथे थांबले असते तर गोखले एक चांगले इंग्रजी बोलणारे प्राध्यापक म्हणून राहिले असते. पण याच सुमारास त्यांना खरा गुरू भेटला.

रानड्यांची शाळा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तेव्हा पुण्यात होते. पुण्यातल्या सार्वजनिक बोलण्याला वळण लावण्यात त्यांचा मोठा वाटा. आजही पुण्यात दर उन्हाळ्यात भरणारी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच मुळी वक्तृत्वोत्तेजक सभा आहे.

गोखले १८८७ च्या सुमारास रानड्यांकडे जाऊ लागले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं संपादन त्यांच्याकडे आलं. रानडे त्यांना सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं, जमीनमहसुलाची आकडेवारी वाचायला लावत. एखाद्या प्रश्नावर सरकारकडे अर्ज पाठवायचा असला की मसुदा गोखल्यांनी करायचा आणि रानड्यांनी तपासायचा. दिवसच्या दिवस खपून केलेल्या मसुद्यावर गुरूंचा शेरा मिळे तो एवढाच, की चालेल. त्या एका शब्दासाठी गोखले रात्रीचा दिवस करत. रानडे १६ जानेवारी १९०१ ला वारले. तोपर्यंत जवळजवळ १४ वर्षं ही शिकवणी चालली.

दुसरे गुरू म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हेही सरकारी शाळेतले हेडमास्तर, पण देशाच्या अर्थकारणाचे आकडे त्यांच्या बोटांवर असत. सरकारी कागदातला एखादा आकडा कुठून आला, त्यात काय दडवलं आहे, हे जोशी मास्तर दाखवत आणि गोखले शिकत. गोखल्यांच्या गाजलेल्या भाषणांमागे या मास्तरांचा हात होता आणि गोखल्यांनी तो कधी लपवला नाही.

म्हणजे पाहा, कॉलेजात गोखल्यांना भाषा मिळाली, वर्गात क्रमाने बोलण्याची सवय लागली आणि रानडे-जोशींकडे बोलण्याजोगा मजकूर कसा गोळा करायचा ते कळलं.

आमच्या लोहगडवाडीकडच्या मुलांचं एक निरीक्षण इथे सांगावंसं वाटतं. शनिवार-रविवारी मळवली स्टेशनवरून, भाज्याच्या वाटेने लोहगडावर माणसांची रीघ लागते. २०२५ मध्ये लोहगडाचं नाव जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर बोलायलाच नको. ताक-सरबत विकणारी, वाट दाखवणारी पोरं या पाहुण्यांशी न घाबरता बोलतात. कुठून वर जायचं, विंचूकाटा कुठे, पावसात कुठे पाय घसरतो, सगळं नीट सांगतात. तीच मुलं शाळेच्या स्टेजवर माइकसमोर उभी राहिली की गप्प होतात. कारण साधं आहे. गडाबद्दल बोलताना ती स्वतः पाहिलेलं सांगतात आणि स्टेजवर दुसऱ्याने लिहिलेलं आठवत असतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे गडाचे चार दरवाजे एका ओळीने सांगणाऱ्या मुलाला वक्तृत्व येत नाही, असं कसं म्हणायचं? रानड्यांची पद्धत इथे चालेल. मुलाला विषय द्यावा आणि आधी माहिती आणायला पाठवावं. रविवारी गावात किती गाड्या आल्या ते मोज, आजीला विचार तिच्या लहानपणी किती माणसं येत, कचरा कुठे साठतो ते बघून ये. मग त्यावर पाच वाक्यं लिहू दे. आपण फक्त शेरा द्यावा, आणि तो पहिल्याच खेपेला छान असा नसला तरी चालेल.

लंडनमधली साक्ष

१८९७ मध्ये या अभ्यासाची कसोटी लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने वेल्बी कमिशन नेमलं होतं. त्याच्यापुढे साक्ष द्यायला डेक्कन सभेतर्फे गोखले निघाले. वय ३० वर्षं. प्रवासात फ्रान्समधल्या कॅले इथे ते पडले आणि छातीला मार लागला. संकोची स्वभावामुळे त्यांनी दुखणं काही दिवस कोणाला सांगितलं सुद्धा नाही.

एप्रिलमध्ये साक्ष झाली. आधी लेखी निवेदन आणि मग तोंडी उलटतपासणी. समोर मुरलेले इंग्रज अधिकारी. लष्करावर किती खर्च होतो, इंग्रज नोकरांचे पगार आणि पेन्शनी किती, त्या मानाने शिक्षणावर काय खर्च होतं, असे प्रश्न एकामागून एक आले. गोखल्यांनी आवाज न चढवता आकड्याला आकडा देत उत्तरं दिली. मायदेशातून गेलेल्या साक्षीदारांमध्ये त्यांची साक्ष फार वाखाणली गेली. पाठ केलेलं भाषण अशा वेळी उपयोगी पडत नाही. समोरचा कुठला प्रश्न विचारील याचा नेम नसतो, तिथे विषय मुरलेलाच लागतो.

एक विधान आणि त्याची किंमत

पण त्याच इंग्लंडच्या मुक्कामात त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत कडू घटना घडली. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. घरं तपासायला गोरे सोल्जर लावले होते आणि लोक हैराण झाले होते. पुण्याच्या मित्रांची पत्रं गोखल्यांना येत होती. त्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचंही लिहिलेलं होतं. गोखल्यांनी हे तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. इंग्लंडमध्ये खळबळ माजली. इकडे २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि वातावरण पेटलं.

सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे यायला तयार नव्हतं. त्या दिवसांत पुढे येणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रणच होतं. गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. मित्रांची नावं सांगायची, किंवा सिद्ध न करता आलेलं विधान परत घ्यायचं. त्यांनी नावं सांगितली नाहीत. विधान मागे घेऊन जाहीर माफी मागितली.

त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. काहींना ही माफी सभ्यपणाची वाटली, पुष्कळांना नामुष्कीची. त्या वर्षी अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनातही त्यांना मागेच राहावं लागलं. लोकांच्या हालअपेष्टा खऱ्या होत्या, यात शंका नाही. पण जाहीर बोलताना आपल्याला माहीत असणं वेगळं आणि आपण दाखवून देऊ शकणं वेगळं, हे गोखल्यांना फार महागात शिकावं लागलं. त्यांनी सार्वजनिक काम सोडलं नाही. पुण्यात प्लेगनिवारणाच्या कामात त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं.

मोबाइलवर आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवण्याच्या आजच्या काळात मोठ्या वर्गातल्या मुलांना ही घटना जरूर सांगावी. गोखल्यांना बातमी भरवशाच्या माणसांकडून आली होती, तरीही त्यांना इतकं सोसावं लागलं.

कौन्सिलातले नामदार

१८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदे कौन्सिलावर निवडून आले. पुणे-मुंबई फेऱ्या सुरू झाल्या. मळवली-लोणावळ्यावरून खंडाळ्याचा घाट उतरणारा हा लोहमार्ग तेव्हाही होता, १८६३ पासूनच. पुढे ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कौन्सिलात गेले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. कौन्सिलाचे सभासद म्हणून त्यांच्या नावामागे नामदार लागलं ते कायमचं.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. त्या वर्षी सरकारी तिजोरीत शिल्लक पडली होती. सरकार म्हणत होतं, पाहा देश कसा भरभराटीला आला आहे. गोखल्यांनी तेच आकडे घेतले आणि उलटं दाखवलं. नुकतेच दोन मोठे दुष्काळ पडून गेले, माणसं अन्नावाचून मेली, अशा देशात शिल्लक पडते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे. गरिबाच्या मिठावरचा कर कमी करा, शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी.

मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. हे काही एकट्या गोखल्यांच्या भाषणाने झालं असं नाही, पण वर्षानुवर्षं, दर मार्चमध्ये, तीच मागणी नव्या आकड्यांनिशी मांडणारा आवाज त्यांचा होता. त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं सरकारी अधिकारीही अभ्यासासाठी वाचू लागले. वर्गात अंकगणित शिकवणाऱ्या मास्तरांनी देशाला देशाचा हिशेब समजावून सांगितला.

हरलेलं आणि तरी आपलं असलेलं विधेयक

आपण प्राथमिक शिक्षक आहोत, म्हणून गोखल्यांचं हे काम आपल्याला सगळ्यांत जवळचं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. ब्रिटिश मुलखात मात्र १९११ च्या जनगणनेत १०० माणसांमागे जेमतेम ६ साक्षर होती. गोखल्यांनी १९१० मध्ये हा प्रश्न ठरावाच्या रूपाने कौन्सिलात आणला आणि १६ मार्च १९११ ला विधेयक मांडलं.

मागणी किती मवाळ होती पाहा. आधी फक्त ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी. जिथे मुलं ठरावीक प्रमाणात शाळेत जात आहेत अशाच भागात. तिथल्या नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची इच्छा असेल तर, आणि सरकारची परवानगी घेऊन. महिना १० रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या घरातल्या मुलांना फी नाही. मुलींचा विचार पुढच्या टप्प्यात. एवढंही पुष्कळांना पचलं नाही. सरकारने पैशाचं कारण सांगितलं. शिकलेली पोरं शेतात राबणार नाहीत, अशीही भीती काहींना होती.

मार्च १९१२ मध्ये चर्चा झाली. कौन्सिलात सरकारी बहुमत होतं. निकाल काय लागणार हे गोखल्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी जगभरच्या देशांचे आकडे, एकेका आक्षेपाला उत्तर, खर्चाचा हिशेब, अशी कुठेही हात आखडता न घेता तयारी केली. मतदान झालं. बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक पडलं.

स्पर्धेच्या भाषेत बोलायचं तर गोखले हरले. पण त्या दिवशी मांडलेला हिशेब कौन्सिलाच्या कामकाजात नोंदला गेला आणि प्रश्न मिटला नाही. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारतात १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. त्या १३ मतांपासून इथपर्यंत यायला ९८ वर्षं लागली. गडाखालच्या वाडीतलं पोर आज फी न भरता वर्गात बसतं, त्यामागे ही वाट आहे. भाषण जिंकलं की नाही हे कधी कधी त्याच दिवशी कळत नाही.

मराठीतली भाषणं

गोखल्यांचं नाव इंग्रजी वक्तृत्वासाठी घेतलं जातं. पण १९१२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेला गेले तेव्हाची हकीकत मराठी शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. गांधीजी तिथे हिंदी लोकांच्या हक्कांसाठी लढत होते. जोहान्सबर्गमध्ये कोकणातले मुसलमान आणि महाराष्ट्रातले हिंदू यांना गोखल्यांचं बोलणं ऐकायचं होतं. गांधीजींनी आग्रह धरला, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. गांधीजींना मराठी कितपत समजेल, याची गोखल्यांना गंमत वाटली, पण ते कबूल झाले. त्यानंतर थेट झांजिबारपर्यंत, हिंदी लोकांच्या सभांमधून ते मराठीतच बोलले. एवढे मोठे इंग्रजीचे प्राध्यापक, पण समोर कोण बसलं आहे हे पाहून त्यांनी भाषा निवडली.

तिथल्या मंत्र्यांना भेटण्याआधी त्यांनी गांधीजींकडून सगळ्या प्रश्नाचा इतिहास लिहून घेतला आणि रात्री जागून तो पक्का केला. देशभर कीर्ती झाल्यावरही तयारीची सवय सुटली नव्हती.

आधी ऐका

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशकार्याला वाहून घेणारे तरुण तयार करायचे, हा हेतू. त्यासाठी पाच वर्षांचं शिक्षण ठेवलं होतं. त्यात ग्रंथालयात बसून अभ्यास आणि देशात फिरून पाहणं, दोन्ही आलं. त्याच वर्षाच्या शेवटी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. काम वाढत गेलं, मधुमेहाने शरीर खचत गेलं.

९ जानेवारी १९१५ ला गांधीजी आफ्रिकेतून परत आले. दोन देशांत गाजलेला माणूस, लोक त्यांचं भाषण ऐकायला उत्सुक. गोखल्यांनी मात्र त्यांना सांगितलं, की एक वर्ष देशभर फिरा, डोळे-कान उघडे ठेवा आणि राजकारणावर जाहीर बोलू नका. गांधीजींनी हे मानलं. पुढच्याच महिन्यात, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखल्यांचं पुण्यात निधन झालं. वय अवघं ४८. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद राहिले ते लोकमान्य टिळक सिंहगडावरून खाली उतरले आणि स्मशानभूमीत त्यांनी गोखल्यांना आदरांजली वाहिली.

देशातल्या एका उत्तम वक्त्याने आपल्या आवडत्या शिष्याला दिलेला अखेरचा मोठा सल्ला असा एक वर्ष न बोलण्याचा होता. पालकहो, येत्या स्पर्धेला मुलाच्या हातात लिहिलेला कागद देण्याआधी त्याला आठवडाभर बघायला, मोजायला आणि विचारायला पाठवा. तो अडखळत बोलला तरी चालेल, ते त्याचं स्वतःचं असेल.